लाईट आली की आधी काय: मोटर, घरघंटी की मशीन?

पत्र:

ताई, सोलापूर जिल्ह्यात गावठाणापासून दीड किलोमीटरवर आमची वस्ती आहे. माझं वय 34, शिक्षण बारावी. शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, जूनच्या आधी शाळेचे गणवेश. दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या अनुदानातून घरघंटी मिळाली, तिच्यावर वस्तीवरच्या सात-आठ घरांचं दळण करते. काम आहे, गिऱ्हाईक आहे, लाईट नाही. आठ तास बरी असते, ती एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. बाकीच्या वेळी डीम, तीही जाऊन-येऊन. संध्याकाळी मशीनची मोटर नुसती गुरगुरते. गेल्या लग्नसराईत एका नवरीचे पाच ब्लाउज वेळेवर देता आले नाहीत, ते घर कायमचं तुटलं. लाईट आली की सासूबाई म्हणतात, आधी पाणी भर, मशीन काय पळून जातीय? मिस्टरांकडे सोलरवाला एकजण येऊन गेला. 3 किलोवॉट बसवा, 78 हजार सरकार देतं, उरलेल्याचं कर्ज काढा, बिल झिरो आणि लाईट कधी जाणारच नाही, म्हणाला. आमचं बिल महिन्याला साठ-सत्तर युनिटचं येतं. एकाने घाबरवलंय की घरात धंदा करता, मीटर कमर्शियल होईल. मैत्रीण तालुक्याला कपड्यांच्या कारखान्यात जाते, ती म्हणते तूही ये. गावात आमची एक जुनी खोली आहे, तिच्यात दिरांच्या खताच्या गोण्या असतात. मुलगी दहावीला आहे. सोलर घेऊ, कामाला जाऊ, की बंद करू हे सगळं?

– वस्तीवरची एक

उत्तर:

नमस्कार.

‘बंद करू का’ हा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, चूल विझवता विझवता विचारल्यासारखा लिहिलाय. त्याचं उत्तर आधी देते. बंद करू नका. जिचा हात बसलेला आहे, जिच्या दारात दळणाचे डबे येतात आणि जी एका नवरीचे पाच ब्लाउज चुकले म्हणून वर्षभर हळहळते, तिचा धंदा चांगला चालू आहे. अडलंय ते लाईटीपाशी, तेव्हा बोलूया लाईटीबद्दलच.

त्यातही सोलर पहिलं, कारण कर्जाच्या कागदावर सही व्हायच्या आत हे तुमच्या घरात वाचलं जायला हवं.

त्या माणसाने अनुदानाचा आकडा खरा सांगितला. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात. खोटं आहे ते ‘लाईट कधी जाणारच नाही’ हे वाक्य. या योजनेत छपरावर बहुतेक ठिकाणी बसतं ते ऑनग्रिड सोलर. वीज कंपनीच्या तारेत लाईट असेल तरच त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, चालतो. तारेतली लाईट गेली की तो आपोआप बंद होतो, मग डोक्यावर ऊन कितीही रणरणत असो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढला आणि तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली, तर माणूस जागेवर जाईल. म्हणून ते बंद पडायलाच हवं. लाईट फार डीम झाली तरीही हे इन्व्हर्टर थांबतात. म्हणजे तुमच्या वस्तीवर दुपारी दोनला लाईट गेली, की वर पॅनेल तापत बसणार, खाली तुम्ही मशीनपुढे बसणार आणि महिनाअखेरीला हप्ता मात्र न चुकता जाणार.

शिवाय हिशेब बघा. तुमच्याकडच्या उन्हात 1 किलोवॉट दिवसाला साधारण 4 युनिट देतं. 3 किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात आणि तुमचा वापर साठ-सत्तर. ज्याच्या घरी दोन एसी आहेत त्याने घ्यावं एवढं मोठं. लाईट गेल्यावरही चालणारं सोलर असतं, हायब्रिड म्हणतात त्याला, पण त्याला बॅटरी लागते आणि किंमत बरीच वर जाते. त्या माणसाला पुन्हा बोलवा, चहा द्या आणि एवढंच म्हणा: लाईन बंद असताना आमच्या घरातले कोणकोणते पॉइंट चालतील, ते कोटेशनवर लिहून सही करा. तो लिहून देतो की चहा अर्धा टाकून उठतो, त्यावरून काय ते कळेल.

आता, तुमच्याकडेच लाईट अशी का? गावठाणात, अवघ्या दीड किलोमीटरवर, ती जवळपास दिवसभर असते हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी धरून चालते. याचं कारण तारेच्या वाटेत आहे. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. बारा-बारा तास लाईट नसायची. त्या काळात राज्यात गावठाणाचा फीडर (सबस्टेशनमधून निघणारी मुख्य लाईन) आणि शेतीचा फीडर वेगळे करायला घेतले. कल्पना चांगलीच होती. पंपांना ठरावीक तास द्यायचे आणि त्यांच्यापायी अख्ख्या गावाला अंधारात बसवायचं नाही. पण आपल्याकडे घरं काही सगळी गावठाणात नसतात. ज्याची त्याची वस्ती ज्याच्या त्याच्या रानात. रानातून जाणारी तार शेतीची, आणि तुमचं घर त्या तारेला टांगलेलं. थ्री फेज, म्हणजे मोठ्या मोटरींना लागणारी तिन्ही तारांतली वीज, असते ते आठ तास पंपांचे. उरलेल्या वेळात घरातले दिवे लागावेत म्हणून सिंगल फेज, दिव्या-पंख्यापुरती, सोडतात. मग त्याच सिंगल फेजवर कुणी कंडेन्सर लावून पंप ओढतो, कुणी आकडा टाकतो, आणि संध्याकाळी सातला तुमची मशीन गुरगुरते. (तुमच्या घरचा पंप त्या वेळी कशावर चालतो, हे मी विचारत नाही. तुम्ही मात्र विचारा.)

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण तुम्ही पत्रात ‘लाईट नाही’ लिहिलंत आणि मला ते वाचताना वाटत होतं की लाईट आहे, तिला भरवसा नाही. या दोन्हींत शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने खूप फरक पडतो. रोज सहाच तास, पण तेच सहा तास मिळाले असते तर त्या सहा तासांत तुम्ही लग्नाचा अख्खा बस्ता शिवला असता. दहा तास मिळतात पण कधी ते ठाऊक नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला तारीख कशी द्यायची? आणि ज्या धंद्यात तारीख देता येत नाही तिथे दरही मागता येत नाही. पन्नास रुपये कमी घेऊन ‘उशीर झाला हो’ म्हणत ब्लाउज हातात द्यायचा, हे तुम्ही कितीदा केलं असेल.

तर पहिली गोष्ट फुकटातली. एक वही घ्या. दोन आठवडे, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, लाईट कधी आली, कधी गेली, किती होती ते लिहा. ‘किती’साठी सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, दोन-चारशे रुपयांत. घरात 230 व्होल्ट यायला हवेत, त्यात वर-खाली 6 टक्के म्हणजे साधारण 216 ते 244 पर्यंत चालतं. तुमच्याकडे सातच्या सुमाराला 160-170 दिसलं तर मला नवल वाटणार नाही. तेवढ्या दाबावर मोटर चालवू नका, गरम होऊन जळते, आणि घरघंटी तर अजिबात नको. पंपांचं आठवड्याचं वेळापत्रक मिस्टरांना पाठ असेलच. ते लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवा आणि ऑर्डर घेताना त्याच्याकडे बघून तारीख द्या. नवरीचे ब्लाउज रात्रीच्या आठवड्यात संपवायचे असतील, तर ऑर्डर घेतानाच आठ दिवस पुढची तारीख सांगायची किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलेलं गिऱ्हाईक परत येतं. फसलेलं येत नाही, हे तुम्ही बघितलंय.

त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे सांगते.

दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. गावातली जुनी खोली, खताच्या गोण्यांची. ताई, लाईट मशीनपर्यंत यायला किती महिने किंवा वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही, पण मशीन लाईटीपर्यंत न्यायला एक टेम्पो आणि दिरांशी एक संध्याकाळ बोलणं लागेल. खोली गावठाणात, गावठाणाच्या फीडरवर. अकरा ते चार तिथे बसलात तर पाच तास पुऱ्या दाबाची लाईट, इस्त्रीसकट. गिऱ्हाईकही तिकडेच जास्त आहे. फॉल-पिकोसाठी दीड किलोमीटर चालत कोण येतं? पिकोचं काम उभ्या-उभ्या होतं, बाजाराच्या दिवशी तेवढ्यावरच चांगले पैसे होतात. गोण्या वस्तीवर आल्या तर दिरांचंही बरं, खत तसंही रानातच लागतं.

त्या खोलीत कुणी राहत नसेल आणि नुसतं शिवणकामच चालणार असेल, तर मीटर व्यापारी दरातच बसेल, तसं आधीच सांगून घ्या. लपवून पुढे दंड भरण्यापेक्षा ते परवडतं. वस्तीवरच्या घराचं मात्र तसं नाही, आणि ज्याने तुम्हाला घाबरवलं त्याला हे ऐकवा: राहत्या घराच्या एखाद्या भागात छोटा धंदा करणाऱ्यांना घरगुती दरच लागतो. अट एवढीच की वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात मिळून 3600 युनिटपर्यंत असावा. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर आदेशातच ते लिहिलेलं आहे. तुमचे साठ-सत्तर युनिट. घरघंटी 1 एचपीची, म्हणजे तासभर चालली तर पाऊण युनिट. रोज दोन तास दळलंत तरी महिन्याला पंचेचाळीस. 300 ला पोहोचायला तुम्हाला गावाचं दळण घ्यावं लागेल. मोठ्या पिठाच्या गिरण्या औद्योगिक दरात येतात, ती गोष्ट वेगळी.

आता समजा खोली नाहीच मिळाली, किंवा मुलीच्या दहावीपुरतं तुम्हाला वस्तीवरच राहायचंय. तर छोटा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी. याचा हिशेब नीट मांडते, कारण दुकानदार तो गोल-गोल सांगतो.

150 अँपिअर-अवर, 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. बॅटरी पार रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून हातात हजार-अकराशे धरा. तुमच्या मशीनची छोटी मोटर 100 वॉटच्या आसपास, सुईजवळचा दिवा 10, साधा पंखा 75. मिळून 185. म्हणजे सगळं सलग चालवलंत तरी पाच-सहा तास, आणि मशीन काही सलग चालत नाही, कापणं-जोडणं-उसवणं असतंच. खर्च वीस-पंचवीस हजारांच्या घरात. सोलरच्या कर्जापुढे हे किरकोळ आहे. पण तीन गोष्टी. घरघंटी याच्यावर लावायची नाही. 1 एचपीची मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते, इन्व्हर्टर ओरडेल नाहीतर जाईल. इस्त्रीही नाही, ती एकटीच 750 ते 1000 वॉटची. शिवणाऱ्या बाईचं अर्धं काम इस्त्री असते हे विकणाऱ्याला माहीत नसतं, तो म्हणतो ‘मशीन आरामात चालेल’. लाईट असेल तेव्हाच इस्त्री उरका, नाहीतर आजीची कोळशाची इस्त्री माळ्यावरून काढा. मी बघितलेल्या दोन उत्तम शिवणाऱ्या बायका अजून तीच वापरतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: बॅटरी भरायला आठ-दहा तास बऱ्या दाबाची लाईट लागते. तुमच्या डीम लाईटीवर ती अर्धपोटीच राहणार आणि दोन वर्षांत मरणार. म्हणून सोलर घ्यायचंच असेल तर ते इथे घ्या, बॅटरी भरण्यापुरतं. दीड-दोनशे वॉटची 12 व्होल्टची दोन पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर. त्याला सूर्यघरचं अनुदान नाही. पण लाईन असो-नसो, ते चालतं.

आणि पायडल फेकून दिलं नसेल अशी आशा आहे. मोटरचा पट्टा काढून पायडलचा चढवायला दोन मिनिटं लागतात. गुडघे दुखतात, मान्य आहे. पण पाचव्या ब्लाउजचे हुक-काज राहिले असताना तेच उपयोगी पडतं.

आता सासूबाई.

त्यांच्यावर रागावू नका असं म्हणणार नाही, पण त्यांच्या जागेवरून एकदा बघा. त्यांच्या उमेदीत लाईट येणं म्हणजे पाणी येणं. मोटर चुकली की दोन दिवस डोक्यावर हंडे. गिरणीत लाईटीची वाट बघत डब्यांच्या रांगा लागायच्या आणि दळण नाही आलं तर रात्री भाकरी कशाची हा प्रश्न खरोखरचा असायचा. मशीन पळून जात नाही हे त्यांचं म्हणणं त्या काळात खरंच होतं. आता मशीनवरचं गिऱ्हाईक पळून जातं, हे त्यांना कुणी आकड्यात सांगितलेलं नाही. सांगा. गेल्या लग्नसराईतले ते पाच ब्लाउज, अस्तरासकट किती रुपयांचे होते? त्या घरात पुढे कुणाकुणाची लग्नं व्हायची होती? त्यांच्या वयाच्या बाईला लग्नाघरचं गिऱ्हाईक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांतात खेड्यांत वीज पोहोचली तेव्हा काय झालं, याचा अभ्यास टॅरिन डिंकलमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी 2011 मध्ये मांडला. कमावत्या बायकांचं प्रमाण शंभरामागे नऊ-साडेनऊने वाढलं होतं. लाकूडफाटा आणि चूल यांत जाणारे तास सुटले आणि त्या बाहेर कामाला जाऊ शकल्या. मला हा अभ्यास आवडतो, पण तुमचं पत्र वाचून वाटलं की आपल्याकडे मधे एक गाळणी बसवलेली आहे. वीज तास मोकळे करते, आणि घर ते तास लगेच परत घेतं. लाईट आली की एकाच वेळी मोटर, मिक्सर, दळण, फोनचं चार्जिंग, सगळं तुमच्याच अंगावर पडतं. देशाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं निघाली, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88. करतात त्यांची, बरं का. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

म्हणून पाण्याची मोटर तुमच्या हातातून काढा. पाणी भरायला बाईच लागते असं काही नाही. वर हजार लिटरची टाकी असेल तर फ्लोट स्विच बसवून घ्या. लाईट आली की मोटर आपण होऊन सुरू, टाकी भरली की बंद. रिकाम्या बोअरवर मोटर फिरू नये म्हणून ड्राय-रनचं संरक्षण सोबत घ्या. हे करायला तालुक्याचा इलेक्ट्रिशियन अर्धा दिवस घेईल. मग ‘आधी पाणी भर’ हे वाक्य म्हणायला जागाच उरणार नाही. सासूबाई दुसरं शोधतील, ती गोष्ट निराळी.

मुलगीही त्याच लाईटीवर अभ्यास करतेय, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत. रात्रीच्या आठवड्यात मिस्टर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातात, तुम्ही टॉर्च घेऊन सोबत जाता का? जात असाल तर घरी ती एकटी डीम दिव्याखाली. तिच्यासाठी चार्जिंगचा एलईडी दिवा आजच आणा. त्याला कसलाही हिशेब करत बसू नका.

कारखान्याबद्दल. वाईट नाही. ठरलेला पगार, महिन्याच्या महिन्याला. फक्त एक ओळखा: तिथला मालक तुम्हाला नेमकं काय देतो? शिवायला तुम्हाला येतंच. तो देतो न जाणारी लाईट. जनरेटर त्याचा, थ्री फेज त्याची, आणि त्या भरवशाच्या बदल्यात तुमच्या हाताचा बराचसा भाव तो ठेवून घेतो. एका ब्लाउजची शिलाई तुम्ही जी घेता तिच्याशी तिथल्या दिवसाच्या पगाराची तुलना करा, त्यातून एसटीचे पैसे आणि जायचे-यायचे दोन तास वजा करा. गावातली खोली मिळत असेल, तर दहावीच्या वर्षात मी तिकडे जाणार नाही. खोली मिळतच नसेल आणि घरात पैशाची निकड असेल, तर सहा महिने जा, ओव्हरलॉक आणि मोठी मशीन शिकून या. त्यात कमीपणा काही नाही. परत येताना हातात आणखी एक कसब असेल.

राहिली ती वही. वस्तीवर तुमच्यासारखी किती घरं आहेत? पंधरा? वीस? सगळ्यांचा एकत्र अर्ज करा, आणि त्यात ‘लाईट नीट येत नाही’ एवढंच लिहू नका, कारण त्यावर ‘शेतीचा फीडर आहे, तसंच असतं’ हे उत्तर तयार असतं. अर्जात हे लिहा: आमचं मीटर घरगुती आहे, बिल घरगुती दराने येतं. केंद्राच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे ग्राहकाला चोवीस तास पुरवठा द्यायचा आहे. आयोग काही वर्गांसाठी, शेतीसारख्या, कमी तास ठरवू शकतो. आम्ही तारेने शेतीच्या फीडरवर आहोत, पण वर्गाने शेतीचे ग्राहक नाही. तेव्हा वस्ती गावठाणाच्या फीडरवर घ्या किंवा घरांसाठी वेगळी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, द्या. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि प्रत्येक घराच्या बिलाची प्रत. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

हे आधी महिला ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असा कायदा आहे. बऱ्याच गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकतात, म्हणून तुमच्या बचत गटाच्या दहाजणी खरोखर जाऊन बसा आणि ठराव लिहून घ्या. गटात कुणाकुणाची घरघंटी आहे, कुणाचं पापड-शेवयांचं यंत्र आहे, ते नावानिशी ठरावात यावं. जिल्हा नियोजनाचा पैसा मागताना ‘महिलांचे इतके उद्योग बंद पडतात’ हे वजनदार पडतं, नुसता अंधार पडत नाही. रोजच्या तक्रारीसाठी 1912 आहेच. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मागा आणि वहीत लिहा. उत्तर नाही मिळालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात. मंचापुढे वकील लागत नाही. वही लागते.

वेळ लागेल. खांब, तार, डीपी, मंजुरी, निधी. त्या काळात तुम्ही खोलीत बसून शिवत असाल, तर वाट बघणं सोपं जाईल.

शेवटी इन्व्हर्टर घेण्याचं ठरलंच, तर एक. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्या माहेरी इन्व्हर्टर आला. सगळ्यांना केवढा आनंद. वडिलांनी इलेक्ट्रिशियनला घर फिरवून दाखवलं आणि पॉइंट निघाले: पुढच्या खोलीची ट्यूब, पंखा, टीव्ही. आणि वडिलांच्या पलंगाजवळचा दिवा. स्वयंपाकघरात एकही नाही. आई मेणबत्तीत भाकरी थापायची आणि भिंतीपलीकडे बातम्या चालू असायच्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आई त्या दिवशी विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. पुढे सहा वर्षं ते वायरिंग तसंच राहिलं.

तुमच्याकडे इलेक्ट्रिशियन यायचा असेल त्या दिवशी घरीच थांबा. ‘पॉइंट कुठे काढू’ हे तो पुढच्या खोलीत उभा राहून, घरातल्या पुरुषाला विचारतो.